धोंडीकाकी म्हणजे अ बिंदू

वैशाखरे, तालुका मुरबाड
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८६५

तीर्थस्वरूप भिमादाजी यांच्या पायांवर वैशाखऱ्याहून धाकटा मेहुणा चंदर याचं डोकं. काशीआक्काला तितकंच वाकून दंडवत. दाजी, तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की पायरी चढताना तो बोलतो. इकडे माझे दोन्ही गुडघे बोलतात, पण आपसात. मला कोणी विचारत नाही. आक्काचा खोकला अडुळशाने थांबला असेल तर कळवावं, थांबला नसेल तर तिने शहापूरच्या बाजारातलं भजं खाणं थांबवलं आहे का तेही कळवावं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. भातं पोटरीला आली आहेत, पोरांची आई लहानी हिची दाढ पडली (पडली म्हणजे रामू सुताराने काढली, पण तो म्हणतो आपोआप पडली). पोरीची, जिवलीची, बातमी पुढे यायची आहे, तेव्हा मधली पानं टाकून शेवट वाचू नका. आक्काला ती सवय आहे.

आता तक्रारीकडे येतो. आमच्या कुंडलिकला तुम्ही तुमच्या घरी ठेवून घेतलंत, पोटच्या पोरासारखं सांभाळता, रोज आसनगावहून गाडीत बसवून कल्याणच्या इंग्रजी शाळेत पाठवता, हे उपकार मी विसरणार नाही. पण त्याला गणिताच्या नादाला लावलं तेही तुम्हीच. तुमच्या पडवीत बसून तुम्ही मला म्हणाला होतात, चंदर, पोराचं डोकं आकड्यांत चालतं, त्याला अडवू नको. तुम्ही वडीलधारे, मी गप्प बसलो. मला वाटलं, गणित म्हणजे गणित. मी स्वतः व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस आहे. पावकी, निमकी, दिडकी मी आजही झोपेत म्हणतो (लहानी म्हणते, फक्त झोपेतच म्हणता). तेव्हा पोरगा त्यातलंच काही जास्त शिकून येईल, भाताचे मण चटकन करील, एवढीच माझी समजूत. तर हा गौरी-गणपतीच्या सुट्टीत घरी आला तो बिनआकड्यांचं गणित घेऊन. त्याच्या पुस्तकात मी पाहिलं, पानंच्या पानं उलटली, नुसती अक्षरं. लढाईमुळे रॉकेल नाही, कापड नाही, मुरबाडची मोटरसुद्धा पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालते, तेव्हा आकड्यांचीही टंचाई झाली असेल असं मी आधी धरून चाललो. पण कुंडलिक म्हणतो, तसं नाही, वरच्या वर्गात गणित असंच असतं.

आला त्या दिवशी जेवायला बसला तेव्हा लहानीने विचारलं, भाकरी किती टाकू? हा म्हणाला, समज क्ष. ती बिचारी चुलीपासून उठून माझ्याकडे आली आणि हळूच विचारती झाली, क्ष म्हणजे किती? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बा, ते आधी कळत नाही, म्हणूनच त्याला क्ष म्हणायचं, शेवटी कळतं. मग तो खाऊन उठला तेव्हा कळलं. (पीठ शेवटी कळून भागत नाही, हे लहानीचं म्हणणं आणि मी तिच्या बाजूचा.) दुसऱ्या दिवशी त्याने मला उणे आणि उणे यांचा गुणाकार अधिक येतो असं सांगितलं. मी म्हटलं, बरं, शेजारचा कान्हा माझ्याशी बोलत नाही, मी कान्हाशी बोलत नाही, तर मग आमचं गूळपीठ जमलं का? बांधावरच्या जांभळीवरून आम्ही दोन पावसाळे अबोल आहोत हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुंडलिक म्हणाला, तो गुणाकार नाही, ती नुसती बेरीज झाली. तेव्हापासून मी गणिताला उदाहरणं देणं सोडलं. (हे पत्र लिहिताना कान्हा माझ्यासमोर बसला आहे आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखव म्हणतो. तो समोर का बसला आहे ते पुढे येईल. कंसातलं मी त्याला वाचून दाखवत नाही.)

तर दाजी, झालं असं. आपल्या घराखालून जो ओढा जातो त्यावरचा साकव गणपतीच्या आधीच्या पावसात वाहून गेला. पलीकडे नथू आणि त्याची बायको गुणाबाई राहतात. गुणाबाई सुईण आहे, हे तुम्ही जाणता; तुमच्या धाकट्याला तिनेच बाहेर काढलं. इकडे जिवली पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. गौरी यायच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, पोटात दुखतंय. आमची चुलती धोंडीकाकी हिला बोलावलं. काकीने पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि जिवलीला काही न बोलता मला अंगणात घेऊन आली.

"पोर उलटं बसलंय रे चंदर. पाय खाली हायत. हे माझ्या हातचं काम नाय. गुणाबायला आण."

मी म्हटलं, काकी, ओढ्याला छातीभर पाणी आहे. ती म्हणाली, "ते मना सांगू नको, ओढ्याला सांग."

 खालच्या पुलावरून वळसा घालून जावं तर रस्ताच पाण्याखाली होता. देवळामागे एक ताड मागच्या वादळात आडवा झालेला होता, तोच ओढ्यावर टाकायचा असं ठरलं. रामू सुतार कुऱ्हाड घेऊन आला आणि म्हणाला, माप सांगा. सगळा ताड उचलून आणायला गावात तेवढे खांदे नाहीत, सगळे आपापल्या शेतात. आणि कमी तोडला तर दुसरा ताड नाही. मग मी विहिरीचा दोर आणला, टोकाला दगड बांधला आणि पलीकडे फेकला. आपला काठ सखल, तिकडचा उंच. दगड पलीकडे पोचला नाही, वाहत आलेल्या एका फांदीत दोर गुंतला, आणि फांदी, दगड, दोर सगळं मिळून मुरबाडच्या दिशेने गेलं. (लहानीला अजून वाटतं की दोर झिजून तुटला. ती वाचणार नाही, तुम्हीही बोलू नका.)

तेव्हा कुंडलिक पुढे झाला. म्हणाला, बा, पाण्याला हात न लावता मी रुंदी काढून देतो. भूमितीत आहे. घरात बहीण कण्हते आहे आणि याला भूमिती सुचते, म्हणून माझा हात वर गेला होता. पण त्याचं तोंड पाहिलं तर तोही पांढराफटक पडलेला. काहीतरी केल्यावाचून त्यालाही राहवत नव्हतं. त्याला येत होतं ते तो करायला निघाला होता. मी हात खाली घेतला.

रीत अशी. पलीकडच्या काठावर एक काटेसावर उभी आहे. तिच्या अगदी समोर आपल्या काठावर एक माणूस उभा करायचा, तो अ. तिथून काठाने पावलं मोजत चालायचं आणि दुसरा माणूस उभा करायचा, तो ब. पुन्हा तितकीच पावलं त्याच रेषेत पुढे, तिथे क. मग क पासून ओढ्याकडे तोंड ठेवून सरळ उलट्या पावली मागे मागे जायचं, आणि जिथून ब आणि पलीकडची सावर एका रेषेत दिसतील तिथे थांबायचं, तो ड. क पासून ड जितका लांब, तितका ओढा रुंद. का? तर म्हणे पाण्यावरचा त्रिकोण आणि शेतातला त्रिकोण हे एकरूप. एक उचलून दुसऱ्यावर ठेवला तर केसाचा फरक पडायचा नाही. पाण्यावरचा त्रिकोण उचलणार कोण, असं रामूने विचारलं. कुंडलिक म्हणाला, मनात उचलायचा. रामूने कुऱ्हाड खाली ठेवली आणि चुना-तंबाखू काढली.

माणसं कमी होती. धोंडीकाकी जिवलीपाशी लहानीला बसवून बाहेर आली होती, तिला अ केलं. कुंडलिकने कंपासपेटीतला गुण्या तिच्या पायाशी धरून काटकोन पाहिला आणि सांगितलं, काकी, आता हलायचं नाही. ब साठी कोणी नव्हतं. तेवढ्यात कान्हा बांधावर आला, त्याला कुंडलिकनेच हात धरून उभं केलं. पोराशी त्याचं भांडण नाही. क च्या जागी काठी रोवून तिच्यावर माझं इरलं अडकवलं. आणि ड मी. (कुंडलिक म्हणाला की बिंदूला लांबी-रुंदी काहीच नसते. हे वाक्य त्याने धोंडीकाकीकडे बघत म्हटलं आणि रामूला ठसका लागला. काकी उभी राहिली की मागचं झाड दिसत नाही, हे तुम्ही आपल्या लग्नातल्या पंगतीत पाहिलं आहे.)

मी मागे मागे जाऊ लागलो. दाजी, उलट्या पावली भातातून चालून पाहा कधी. शिवाय नजर पुढे ठेवायची, आणि ती कशावर, तर कान्हाच्या डोक्यावर. ज्या तोंडाकडे दोन पावसाळे पाहिलं नाही त्याच्याकडे मी एकटक बघत होतो आणि तोही नाइलाजाने माझ्याकडे. मला पहिल्यांदाच दिसलं की त्याचे केस बरेच पिकले आहेत. त्यालाही माझ्यात काहीतरी दिसलं असावं, कारण मध्येच त्याने मान वळवली. मी ओरडलो, कुंडलिक, तुझ्या ब ला सांग, सरळ बघ म्हणावं. तिकडून कान्हा ओरडला, कुंडलिक, तुझ्या ड ला सांग, चिखलात बघून चाल म्हणावं. असं आमचं पोराच्या मार्फत चाललं होतं. तेवढ्यात सर आली आणि धोंडीकाकी उंबराखाली जाऊन उभी राहिली.

कुंडलिक किंचाळला, "अ हलला! अ हलला!"

"मी काय खांब हाय का रे?" काकी तिथून म्हणाली. "इथनंच धर तुझा अ. झाड पण जवळ हाय आणि डोकं पण भिजत नाय."

त्याने तिला समजावलं की अ हलला तर अ-ब आणि ब-क सारखे राहत नाहीत, मग त्रिकोण एकरूप राहत नाहीत, मग साकव तोकडा होतो. काकी म्हणाली, तुझ्या शाळेत पाऊस नाय पडत का? पण आतून जिवलीचं कण्हणं ऐकू आलं आणि ती उंबराखालून निघून पुन्हा आपल्या जागी आली. नंतर पाऊस कोसळला तरी ती हलली नाही. हे मी मोठ्याने वाचून दाखवत आहे आणि काकी, तीही इथेच बसली आहे, मान डोलावते आहे.

सगळी पावलं पुन्हा मोजली. मी पुन्हा मागे निघालो. भात संपलं, बांध ओलांडला, सावर अजून कान्हाच्या कानाशी होती. आणखी मागे. सावर त्याच्या कपाळावर आली, मग त्याच्या डोक्यामागे बरोबर दडली, आणि त्याच पावलाला मी कान्हाच्या खताच्या खड्ड्यात मांडीपर्यंत गेलो. कुंडलिक आनंदाने ओरडला, बा, हलू नका, उत्तर आलं! मी हलणार कसा? काठीने हात मोजत तो इरल्यापासून माझ्यापर्यंत आला. बावीस हात. हे उत्तर त्याने खड्ड्यात वाकून मला सांगितलं, मग मला वर ओढलं.

दोन्ही काठांवर टेकायला दोन-दोन हात धरून सव्वीस हात ताड तोड, असं कुंडलिकने रामूला सांगितलं. मुलाचं गणित, म्हणून मी रामूच्या कानात म्हटलं, आणखी दोन घे. लहानीने खिडकीतून त्याला खूण करून आणखी दोन सांगितले. रामूने स्वतःच्या जबाबदारीवर आणखी दोन घेतले. कोणी कोणाला बोललं नाही. सगळ्यांचा हेतू चांगला होता.

ताड तोडून होईपर्यंत शेतांतून आणखी काही जण आले. तो खांद्यांवर घेऊन आम्ही निघालो ते कान्हाच्या कुंपणाच्या वळणापर्यंत व्यवस्थित आलो. तिथे पुढचं टोक कुंपणाला आणि मागचं देवळाच्या जोत्याला टेकलं. मागे घेतला, पुन्हा घातला, पुन्हा अडकला. कुंडलिकने खांदा बदलत वळण न्याहाळलं आणि म्हणाला, इकडचा रस्ता इतका रुंद, तिकडचा इतका, तर या वळणातून जास्तीत जास्त किती लांबीची वस्तू जाईल हे काढता येतं. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, ते कॉलेजात गेल्यावर शिकवतात. दाजी, खांद्यावर ताड आहे, घरात पोरगी अडली आहे, आणि याचं शास्त्र नेमकं कान्हाच्या कुंपणाशी येऊन संपलं. सव्वीस हाताचा असता तर गेला असता, असंही तो म्हणाला. तेव्हा मी, रामू आणि खिडकीतली लहानी, तिघंही वेगवेगळ्या दिशांना पाहत होतो.

वळणाच्या आत कान्हाचा दोडक्याचा मांडव. त्यावरून नेला तरच वाट. पण कान्हाला विचारणार कोण? मी कुंडलिककडे पाहिलं, पण ताडाचं सगळं वजन त्याच्यावर, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग मीच बोललो. "कान्हा, मांडव मोडतो रे." कान्हाही खांदा देऊन उभा होता. त्याने माझ्याकडे एकवार बघितलं.

"मोड ना," तो म्हणाला. "विचारतोस काय? पोर काय तुझ्या एकट्याची हाय?"

मांडव मोडला. दोडके आमच्या पायांखाली गेले. (ही भाजी यंदा गावात त्याच्याचकडे चांगली आली होती. त्यासाठीच तो समोर बसला आहे. त्याचं म्हणणं, नुकसान गणितामुळे झालं हे तुम्हाला पत्रात स्पष्ट कळवावं. कळवलं.)

ओढ्यावर पोचलो तेव्हा आमच्या हाकांनी नथू आणि गुणाबाई वरच्या माळावरून नाचणीची राखण सोडून पलीकडे येऊन उभे होते. नथूने वरून आपला दोर फेकला. उंचावरून फेकलेला, एका झोक्यात आला. तो ताडाच्या शेंड्याला बांधून पलीकडून ओढायचा. मी बांधायला घेतला तर कुंडलिकने माझा हात धरला. म्हणाला, बा, एक क्षण. नथूला सांगून त्याने दोर सावरीच्या बुंध्यापाशी ताणून धरायला लावला आणि इकडे काकी उभी होती तिथे खूण केली. घाईत हे काय म्हणून मी ओरडणारच होतो. मग नथूने धरलेल्या जागी गाठ मारून दोर सैल सोडला आणि आम्ही तो गाठीपर्यंत इकडे ओढून हातांनी मोजला. मी मोजला, माझ्या हाताने. बावीस हात आणि वर एक वीत.

दाजी, मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. मी तो आकडा खताच्या खड्ड्यात उभा राहून ऐकला होता. कोणी पाण्यात उतरलं नव्हतं, पलीकडे कोणी गेलं नव्हतं. मी फक्त शेतात मागे मागे गेलो होतो, आणि ओढा तेवढाच निघाला.  ती वरची एक वीत कुठून आली ते कुंडलिकने काकीकडे न बघता पावसावर घातलं. मी त्याला म्हटलं, मग शेवटी दोरीच कामाला आली ना, एवढा उपद्व्याप कशाला? तो गाठ मारत होता. म्हणाला, "बा, चंद्र किती लांब हाय ते पण असंच काढतात. तिथं नथू कुठला उभा करणार?" घरी आला की तो आपल्याच बोलीत बोलतो.

ताड पलीकडे गेला, बेश बसला. जास्तीचे हात काठांवर लोळत होते, कोणाला अडले नाहीत. गुणाबाई कमरेला दोर बांधून ताडावर घोड्यावर बसल्यासारखी बसली आणि हातांवर जोर देत सरकत आली. मध्यावर आल्यावर खाली न बघता तिने विचारलं, वेणा किती लवकर लवकर येतात? आमच्यापैकी कोणालाही सांगता येईना. काकीने सांगितलं. मग ती सरळ घरात गेली आणि दार लागलं.

मी, कान्हा आणि कुंडलिक ओटीवर बसलो. त्या वेळी कोणी गणित काढलं नाही. कुंडलिक गुण्या हातात घेऊन उगाच त्याच्या कडा चाचपत होता. कान्हाने मला तंबाखू दिली, मी घेतली. दिवे लागायच्या सुमारास आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. पायाळू. गुणाबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, पोरीची मान अडकली होती, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एक नसती. असं म्हणून तिने चहा मागितला. जिवली बरी आहे, खाते-पिते. मुलीचं नाक तिच्या बापावर गेलं आहे, पण वाढता वाढता निवळेल. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते म्हणतात, म्हणून ताड उचलून पाठ धरलेली सगळी मंडळी आतापासूनच घराभोवती फिरत असतात. पण तिचा पाय एवढासा आहे, तो कोणाच्या पाठीला लागणार?

एकूण सांगायचं ते असं. या गणितापायी माझा दोर गेला (झिजून), कान्हाचा दोडक्याचा मांडव गेला, धोंडीकाकीला सर्दी झाली ती अजून उतरत नाही, आणि मी तीन वेळा अंघोळ केली तरी लहानी माझं पान दूर मांडते. गावात धोंडीकाकीला पोरं "अ" म्हणून हाक मारतात आणि त्याचा तिला मनस्ताप होतो. तेव्हा दाजी, वडीलकीच्या नात्याने तुम्ही कुंडलिकचं मन वळवावं आणि त्याला या विषयापासून सोडवून दुसरा काही सौम्य विषय, संस्कृत वगैरे, घ्यायला लावावं, अशी इथे जमलेल्या सर्वांची विनंती आहे. आक्काच्या आणि तुमच्या पायांना पुन्हा हात लावतो. उत्तराची वाट पाहणारा,

तुमचा
चंदर

ता. क. काकी आणि कान्हा आत्ताच उठून जेवायला गेले. आता खरं लिहितो. शेवटचा परिच्छेद त्यांच्यासाठी होता, त्यावर काहीही करू नये. कुंडलिकला गणितापासून कोणी हलवलं तर गाठ माझ्याशी आहे, तुम्ही वडीलधारे असलात तरी. त्याला कॉलेजातही जाऊ द्यावं लागेल असं दिसतं. वळणाचं कळायला हवं.

ता. क. दुसरा. कुंडलिकचं मागच्या वर्षीचं भूमितीचं पुस्तक तुमच्या माळ्यावर असेल. पहिली पानं शाबूत असतील तर कोणी मुरबाडकडे येणारा असेल त्याच्याबरोबर पाठवा. कुंडलिकने विचारलं तर कान्हाला हवं आहे म्हणून सांगा. कान्हाला वाचता येत नाही, हे त्याला चटकन आठवायचं नाही.

ता. क. तिसरा. कुंडलिकला सोडायला बैलगाडीने मुरबाडला गेलो होतो. वाटेत त्याने सांगितलं की त्रिकोण कसलाही काढा, लहान, मोठा, वाकडा, त्याचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोनच होतात. मी विश्वास ठेवला नाही. घरी येऊन पळसाच्या पानांचे त्रिकोण कापले, तिन्ही कोपरे फाडून एकाशी एक लावले. दर वेळी सरळ रेघच होते. पुष्कळ पानं फाडली, शेळी खुश आहे. पण असं का होतं ते कळेना तर चैन पडत नाही. ते तो मला मोटरीच्या खिडकीतून सांगत होता. शेंड्यातून तळाला समांतर रेघ काढा, मग, इतकं बोलला आणि एरवी कोळसा पेटायला अर्धा पहर घेणारी ती मोटर त्या दिवशी हाक मारल्यासारखी निघाली. मी ओटीवर कोळशाने त्रिकोण काढून शेंड्यातून रेघ ओढून ठेवली आहे. पुढचं वाक्य पोस्टकार्डावर मावण्याजोगं असेल तर त्याच्याकडून काढून उलट टपाली धाडा. परवा बारसं आहे. लहानी ओटी सारवायला शेणाची पाटी घेऊन माझ्या पाठीमागे उभी आहे, आणि मी अजून तिला त्रिकोणात पाऊल टाकू दिलेलं नाही.